पिवळ्या डागांचा दाखला

पहिला डाग माझ्या उपरण्यावर पडला. मी तो आमटीचा समजलो आणि गप्प बसलो. मंडळींनी मात्र उपरणं उजेडाला धरलं, नाकाजवळ नेलं आणि शांतपणे विचारलं, "काल जेवायला कुठं गेला होता?"

"कुठं नाही. घरीच जेवलो की."

"माझ्या आमटीला असा वास येत नाही."

लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी दिवसभर हिशेबानं वागलो. दुसऱ्या दिवशी तिच्याच वाळत घातलेल्या लुगड्यावर तसेच सात डाग पडले, तेव्हा मी निर्दोष ठरलो. तसं मला कुणी सांगितलं नाही, पण रात्रीच्या भाकरीवर लोणी आलं. घरातले खटले असेच निकालात निघतात.

डाग मोहरीएवढे होते. पिवळे, थोडे लांबट, वाळले की कडक होणारे, नखानं खरवडले की पूड होणारे. पाडवा होऊन आठवडा झाला होता. बघता बघता ते सगळ्या गल्लीत दिसू लागले. सोलापुरातला मार्शल लॉ सरकारनं दीड महिन्यात उठवला होता, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पण आमच्या गल्लीनं त्या दिवसांत एकमेकांकडे बघायची जी नजर शिकून घेतली, ती काही उठली नव्हती. त्यामुळे डाग कशाचे हा प्रश्न कुणालाच पडला नाही. डाग कुणाचे, एवढंच सगळे विचारत होते.

त्यात आमच्या शेजारी कोंडीबा. ते पंचवीस वर्षं एका गिरणीच्या फाटकावर झडती घ्यायला होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं धोतर चाचपून सुताची कांडी शोधायची, हे त्यांचं काम. नोकरी सुटली, पण चाचपणं सुटलं नाही. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, ह्यात कायतरी हाय."

"काय आहे?"

"ते म्या सांगणार न्हाय. पर हाय."

तासाभरानं त्यांनी सांगितलं. गिरणीच्या धुराड्यात गंधक टाकत असावेत. त्यानंतर पाऊण तासानं, कुणीतरी हळदीची मूठ मारत असावं. जाता जाता, कापडावरच डाग का, भिंतीवर का नाहीत, तेव्हा हे धोब्याचं काम असावं. भिंतीवरही होते, ते मी दाखवले. कोंडीबा भिंतीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. ते डाग मला इतक्या लवकर कसे सापडले, याचा त्यांना संशय आला होता.

खरं नुकसान झालं ते सावित्रम्मांचं. या आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकर बाई. घरात चार माग, चार मुलगे, आणि आवाज चौघांवर एकटा भारी. विणायच्या आधी सुताचा ताणा गल्लीभर लांब ताणून त्याला खळ लावायची, कुंच्यानं सारखी करायची आणि उन्हात वाळवायची, हा तिथला रोजचा रिवाज. ताणा गल्लीत असला की गाडी, गाय आणि जावई तिघंही वळसा घालून जातात. त्या दिवशी पांढऱ्या धोतरांचा चाळीस हात ताणा ओला होता. लग्नसराईचं काम होतं. चारच्या सुमारास सावित्रम्मा आत पाणी प्यायला गेल्या आणि बाहेर येऊन बघतात तो टोकापासून टोकापर्यंत पिवळे ठिपके.

त्यांनी कुणाला हाक मारली नाही. ताण्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि गल्ली ओलांडून सरळ लालसाबच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

लालसाब रंगारी. सूत रंगवून देतो. त्याचे तीन हौद समोरच्या बोळकंडीत. बाप तिथंच रंगवत होता, आजाही.

"लालसाब, तुझा रंग तुझ्या हौदात का राहत नाही?"

"अम्मा, माझ्या हौदात पंधरा दिवस झाले लाल रंग हाय. पिवळा काढलाच न्हाय. देखो ना."

सावित्रम्मांनी तिन्ही हौदांत वाकून बघितलं. तिन्ही लाल होते.

"मग पिवळा कुठं झाकून ठेवलास?"

झाकून ठेवलेली वस्तू दिसत नाही, हाच ती झाकून ठेवल्याचा पुरावा. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार शहाण्यांनी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की लालसाबनं अक्षय्यतृतीयेच्या आत हौद बुजवून नाक्याबाहेर जावं. नाक्याबाहेर पाणी नाही, हे त्या चौघांना ठाऊक होतं. लालसाबनं घरी जाऊन हात धुतले. ते लालच राहिले.

लालसाबची भाची अजीजा माझ्याकडे शिकते. पेन्शन घेतल्यापासून मी सकाळी दोन तास गल्लीतल्या मुलांना शिरसाच्या झाडाखाली घेऊन बसतो. बावीस मुलं आहेत. फी म्हणून कुणी चार भुईमुगाच्या शेंगा आणतं, कुणी नुसतं शेंबूड पुसून येतं, दोन्ही मला चालतं. शिरसाचं ते झाड गल्लीच्या वळणावर आहे, बुंध्याला तीन मुलांची कवळ लागते, आणि चैत्रात त्याला पिवळसर झुपक्यांची फुलं येतात, दाढीच्या ब्रशासारखी. दुसऱ्या दिवशी अजीजा पाटी पुसत होती आणि पुसतच राहिली. मी काही विचारलं नाही. मुलगी रडत नसेल तेव्हा तिला विचारू नये, विचारलं की रडते.

मी वर बघितलं. फुलांतून बारीक पिवळी धूळ उडत होती. आणि मला एकदम सगळं समजलं. माझ्या आयुष्यात मला जेव्हा जेव्हा एकदम सगळं समजलं आहे, तेव्हा तेव्हा त्याचा पुढे बराच त्रास झाला आहे, हे त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

पराग. वाऱ्यावर उडणारा पराग. ओल्या खळीवर बसतो, चिकटतो, डाग होतो. मुलांना मी तिथल्या तिथं फूल फोडून परागकण म्हणजे काय ते सांगितलं. सांगण्यात आणि सिद्ध करण्यात फरक असतो, हेही सांगितलं. आता सिद्ध करणं आलं.

त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा होता. ज्या हायस्कुलातून मी निवृत्त झालो तिथं एक होता. मी बत्तीस वर्षं त्याची काच पुसली होती. पण आता मी बाहेरचा माणूस, म्हणून अर्ज करावा लागला. 'कारण' या रकान्यात मी 'गल्लीतील डाग तपासणे' असं लिहिलं. कारकून माझाच विद्यार्थी. त्यानं अर्ज परत केला. "सर, डाग तपासणं हे पोलिसांचं काम. वर विचारतील." मी 'फुलांचा अभ्यास' असं लिहिलं. तो म्हणाला, "सर, या वयात?" शेवटी 'शैक्षणिक' असा एकच शब्द लिहिला, त्यावर तीन सह्या झाल्या. या शब्दाच्या आड काय काय जात असेल, असा संशय मला तेव्हा पहिल्यांदा आला.

मग मी माडीच्या कठड्यावर काचेचे सहा तुकडे एरंडेल लावून ठेवले, म्हणजे हवेतलं जे काही असेल ते चिकटावं. अर्ध्या तासात कोंडीबा खाली उभे.

"मास्तर, काचा कशापायी?"

"हवेत काय आहे ते बघायला."

"ऊन पडलं की चमकत्यात."

"काचा चमकणारच की."

"तेच म्हन्तो म्या. कुनाला दिसायला?"

त्यांनी काचा मोजल्या. दुसऱ्या दिवशी पाचच होत्या, सहावी मांजरानं पाडली होती. मी ती कुणाला पोचवली, हे त्यांनी तीनदा वेगवेगळ्या वाटेनं विचारून बघितलं.

काचांवर डाग पडले. यंत्राखाली धरले. मुलांना सांगतो, तो क्षण मी विसरणार नाही. डागात नुसते परागकण होते, हजारोंनी. गोल, काटेरी, तीन कोनांचे, आणि त्यांत शिरसाचेही, सोळा सोळा कण विटांसारखे एकत्र बांधलेले. शेजारी ताज्या फुलातला पराग ठेवला. आकार हुबेहूब तोच. मी अजीजाला बोलावलं, की तिच्या मामाची सुटका तिनंच आधी बघावी. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"मास्तर, फुलातले भरलेले हायत. डागातले रिकामे हायत. नुसती टरफलं. असं का?"

मी म्हणालो, "उन्हानं वाळले."

आज इतक्या दिवसांनी ते दोन शब्द आठवले की मला दाराआड जाऊन उभं राहावंसं वाटतं. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की प्रश्न आला तर थांबा. त्या दिवशी प्रश्न आला आणि मी यंत्राची काच पुसत पुढे गेलो.

रविवारी पारावर सूक्ष्मदर्शक मांडून मी सगळ्या गल्लीला बोलावलं. एकेकानं बघितलं. निम्म्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या आणि तेच पराग म्हणून ते खूष झाले. कोंडीबांनी आधी यंत्राची नळी हातानं चाचपली, आत आधीपासून काही ठेवलेलं नाही ना, आणि मग बघितलं. सावित्रम्मा सगळ्यांत शेवटी. बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तरगारू, दिसलं. पण हे फुलाचं आहे कशावरून? विष असेल तर? माझी नातवंडं ते सूत तोंडात घेतात."

इथं मी थांबायला हवं होतं. पण समोर चाळीस माणसं, कोपऱ्यात लालसाब मान खाली घालून उभा, पहिल्या रांगेत माझी बावीस मुलं. मी काचेवरचा एक डाग बोटानं ओला केला, उचलला आणि जिभेवर ठेवला.

"थोडा कडवट," मी म्हणालो, "पण मागाहून मधासारखा वास आहे. निसर्गानं निर्माण केलेल्या शुद्ध पदार्थाची हीच खूण."

हे वाक्य लोकांना फार आवडलं. लालसाबचे हौद राहिले. चौघा शहाण्यांनी तसं सांगितलं, सावित्रम्मांनी त्याला दारात बोलावून ताक दिलं. ते त्यांच्याकडे क्षमा मागण्याच्या फार जवळ असतं. रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

सकाळी कोंडीबा माझ्याकडे एक कागद घेऊन आले. "मास्तर, तुमी जे सांगितलं ते चार वळीत लिवून द्या. शास्तराप्रमानं. गल्लीला पायजे."

कुणी शास्त्राप्रमाणे काही मागावं, हा प्रसंग शिक्षकाच्या आयुष्यात फार येत नाही. मी चारऐवजी चौदा ओळी लिहिल्या, सुवाच्य अक्षरात, खाली पूर्ण सही. त्या कागदाचं पुढे काय होणार हे मी विचारलं नाही. गल्ली ज्याच्यावर संशय घेते त्याला सोडते, पण संशय सोडत नाही. तो कुठंतरी ठेवावा लागतो. लालसाबच्या दारातून उचललेला संशय त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ठेवला होता. कागद नगरपालिकेच्या कचेरीत गेला, सोबत अर्ज: वळणावरचं शिरसाचं झाड गल्लीच्या धंद्यास उपद्रव करीत असल्याचं माजी मास्तरांनी शास्त्रोक्त सिद्ध केलं आहे, तरी ते तोडावं. खाली एकतीस सह्या. आमच्या गटाराचा अर्ज चौथ्या वर्षात आहे. हा आठ दिवसांत मंजूर झाला.

नगरपालिकेचे इन्स्पेक्टर हिरेमठ स्वतः झाड बघायला आले. पांढरा कोट, पांढरी टोपी, हातात कागद. मला नमस्कार करून म्हणाले, "असा पुरावा जोडलेला अर्ज माझ्या नोकरीत पहिला. साहेबांनी खाली सही पाहिली आणि वर वाचलंच नाही. शनिवारी माणसं येतील."

मी म्हणालो, "झाड तोडू नका. मी दाखला मागं घेतो."

"दाखला खोटा आहे का?"

"खोटा नाही."

"मग मागं कसा घेणार?"

ते गेल्यावर मी झाडाखाली बसलो. पुढं शाळा कुठं भरवायची हा प्रश्न होताच. माझी माडी आठ मुलांची आहे. उरलेल्या चौदांत कुणाकुणाला सांगू, येऊ नका म्हणून? आणि सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी मागावर बसतात, पुन्हा येत नाहीत. हे मी बघितलेलं आहे.

गुरुवारी संध्याकाळी लालसाब आला. मी झाडासाठी हिरेमठांना विनवल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं.

"मास्तर, एक बात बोलू? राग नका धरू."

"बोल."

"तुमी झाडाचं नाव पुसलं की पुन्ना माझं लिवतील. झाड काय, फिरून उगवेल. मैं किधर उगूं?"

तो गेला. मंडळी आतून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याचं खरं आहे." मग थोड्या वेळानं, "पोरांचंही खरं आहे." आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की चूक कुणाची आहे हे सांगायची गरज उरली नाही.

शुक्रवारी मी मुलांना दुपारी बोलावलं. माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, एक धडा होता. म्हटलं, झाड किती दोषी आहे ते तरी मोजू. पराग झाडावरून येतो तर झाडाजवळ डाग जास्त, लांब कमी. मुलांनी आपापल्या पाट्या जमिनीवर मांडल्या. काळ्या पाटीवर पिवळं चांगलं दिसतं. सहा पाट्या झाडाखाली, बाकीच्या दहा दहा पावलांवर, गल्ली संपून पलीकडच्या मोकळ्या मैदानापर्यंत, जिथं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची उंच लोखंडी पाण्याची टाकी उभी आहे. प्रत्येकानं आपल्या पाटीजवळ बसायचं, हात लावायचा नाही, शेजाऱ्याला चिमटा काढायचा नाही.

चारच्या सुमारास घुं असा आवाज आला. कुणीतरी लांब जातं फिरवावं तसा. मग पाट्यांवर टपटप. पाऊस नव्हता. पाच मिनिटांत सगळं थांबलं आणि मुलं डाग मोजत ओरडत आली. झाडाखालच्या सहा पाट्या कोऱ्या. दहा पावलांवर दोन डाग. पन्नास पावलांवर नऊ. मैदानात अजीजाची पाटी होती, तिच्यावर एकतीस.

मी कागदावर आकडे मांडले. झाडाजवळ शून्य, लांब जास्त. पुन्हा मांडले. ज्या झाडानं डाग पाडले म्हणून मी चौदा ओळी लिहून दिल्या होत्या, त्याची पानं उलट खाली बसणाऱ्याला छत्रीसारखी राखत होती.

अजीजा म्हणाली, "मास्तर, ते टाकीवरनं उडाले."

"कोण?"

"आग्या माश्या. सगळ्या एकदम वर गेल्या, गोल फिरल्या, आणि टपटप झालं. मग घरी गेल्या."

मी मुलांना मागं ठेवून टाकीखाली गेलो. टाकीच्या पोटाला सात आग्यामोहोळं लोंबत होती, सुपासुपाएवढी. माश्या दिवसभर परागावर जगतात. पराग पोटात जातो, आतला गर पचतो, टरफलं राहतात. ती रिकामी टरफलं मोहोळात न टाकता स्वच्छतेची आवड असलेला हा प्राणी बाहेर, मोकळ्या हवेत, सर्वांनी मिळून...

मी तिथल्याच एका दगडावर बसलो.

थोडा कडवट. मागाहून मधासारखा वास.

घरी जाऊन मी चार वेळा चूळ भरली. मंडळींनी विचारलं, "दात दुखतो का?" मी हो म्हणालो. मला पहिला विचार जो आला तो इथं लिहितो, कारण मुलांना खरं लिहा म्हणून सांगत आलो आहे. विचार असा आला की हे फक्त मला समजलं आहे. मुलांनी माश्या पाहिल्या, पण माश्यांचं आणि जिभेचं नातं त्यांनी अजून लावलेलं नाही. झाड तुटेल, लालसाब राहील, माझी सही राहील. एका झाडाची काय ती गोष्ट. तो विचार घेऊन मी अंथरुणावर पडलो आणि तो मला झोपू देईना.

शनिवारी दुपारी कुऱ्हाडी, दोर आणि करवत घेऊन माणसं आली. गल्ली जमली. हिरेमठ आपल्या पांढऱ्या कोटात. झाडावर दोर टाकला तेव्हा मी पुढं झालो.

"थांबा. डाग झाडाचे नाहीत. आग्या माश्यांचे आहेत."

"म्हणजे?" हिरेमठ म्हणाले.

"ती त्यांची विष्ठा आहे."

गल्लीत इतकी शांतता मी मार्शल लॉतही ऐकली नव्हती. लोक माझ्याकडे बघत होते. हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर हिशेब जुळत गेला. कोंडीबा सगळ्यांच्या वतीनं पुढं झाले.

"म्हंजे मास्तर, त्या दिशी पारावर तुमी जे..."

"होय."

"जिबंनं?"

"होय, जिभेनं."

आमच्या दारात उभ्या असलेल्या मंडळी पदर तोंडात धरून आत गेल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. ती भांडी नव्हती.

सावित्रम्मा हसल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले. "मास्तरगारू, परवा रंगाऱ्याला वाचवायला झाड म्हणालात. आज झाड वाचवायला माशी म्हणता. उद्या माशी वाचवायला कोण?"

हे मला लागलं, कारण ते बरोबर होतं. लालसाब गर्दीच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

"चारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "सगळ्यांनी मैदानात, झाडापासून आणि हौदापासून लांब. पांढरं कापड अंथरा. डाग पडले नाहीत तर झाड तोडा."

"आणि कुणी टाकले तर?" कोंडीबांनी विचारलं.

"कोण टाकेल?"

"ते म्या सांगणार न्हाय."

आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी माझे हात वर करायला लावून, चाळीस माणसांसमोर, माझ्याच बावीस विद्यार्थ्यांसमोर, माझी झडती घेतली. उपरणं झटकलं. टोपी उलटी करून बघितली. धोतराचा सोगा चाचपला. कमरेला तपकिरीची डबी सापडली, ती जप्त केली. मी आयुष्यात अनेक परीक्षा घेतल्या, अशी दिली नव्हती. मग त्यांनी लालसाबची झडती घेतली, आणि न्याय सारखा असावा म्हणून सावित्रम्मांच्या चारही मुलग्यांची. हिरेमठांकडेही ते वळले होते, पण कोटाची बटणं बघून थांबले.

मैदानात सावित्रम्मांचं एक नवं धोतर अंथरलं. हिरेमठांना कुणीतरी खुर्ची आणून दिली. ते मांडीवर हुकमाचा कागद पसरून बसले. चार वाजले. काही झालं नाही. सव्वाचार झाले. करवतवाला करवतीला तेल लावू लागला. मी वर बघणं टाळलं, मुलं वर बघत होती. आणि रोज वेळेवर येणारा प्राणी आजच रजेवर गेला असेल का, असा संशय मला येऊ लागला, तोच ते जातं सुरू झालं.

टाकीच्या पोटापासून एक काळसर ढग सुटला, वर चढला, एक फेरा घेतला. मग टपटप. धोतरावर, टोप्यांवर, करवतीवर. हिरेमठांच्या पांढऱ्या कोटावर मी नऊपर्यंत मोजले आणि सभ्यपणानं थांबलो. एक हुकमाच्या कागदावर पडला, साहेबांच्या सहीच्या शेपटीवर. हिरेमठांनी तो बोटानं पुसला, बोट नाकाशी नेता नेता थांबले, आणि माझ्याकडे बघून बोट रुमालाला पुसलं.

"लालसाब," सावित्रम्मा म्हणाल्या, "इकडे ये." तो आला. त्यांनी धोतर उचलून त्याच्या हातात दिलं. "हे आता पांढरं व्हायचं नाही. लाल करून दे. आणि पैसे घे, नाही म्हणू नको." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्तरगारू, वास कशासारखा म्हणालात?"

त्यानंतर सगळे हसले. बराच वेळ हसले. लालसाबही हसला, आणि मला वाटतं त्या महिन्यात पहिल्यांदाच.

हुकूम मात्र उरला होता. माश्यांविरुद्ध कारवाई करता येईना, कारण माश्या कुठल्याच खात्यात नव्हत्या. झाडाविरुद्धचा हुकूम रद्द करायचा तर सभा भरवावी लागणार, आणि सभेपुढे तो का रद्द करायचा हे सांगावं लागणार. हिरेमठांनी आपल्या कोटाकडे बघितलं, आणि ते सांगायची त्यांची तयारी दिसेना. त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. तिथं 'झाडाची आवश्यक ती तोड करावी' असं होतं. त्यांनी माणसाला वर चढवून एक वाळकी फांदी तोडायला लावली आणि मागं लिहिलं: आवश्यक ती तोड केली. सरकारी भाषेला मी पूर्वी नावं ठेवत असे, ती मी परत घेतो.

सावित्रम्मा आता ताणा सकाळीच वाळवून तीनच्या आत गोळा करतात. कोंडीबांनी डबी परत केली, तपकीर हुंगून बघून. माझा मान गल्लीत पूर्वीसारखा राहिला नाही. मी पारावरून गेलो की कुणीतरी दुसऱ्याला 'चव घेतल्याबिगर बोलू नगं' असं सांगत असतं. पण त्याहून मोठा फरक शिरसाखाली पडला आहे. मुलं मी सांगितलेलं मानत नाहीत. मी म्हणालो, बैलाला वरचे पुढचे दात नसतात, तर तिघांनी जाऊन गाडीवाल्याच्या बैलाचं तोंड उघडलं. मी म्हणालो, सावली दुपारी सर्वांत लहान असते, तर दुपारभर कुणी जेवायला घरी गेलं नाही आणि सहा आया माझ्याकडे आल्या.

काल शुद्धलेखनासाठी मी वाक्य सांगितलं, 'कावळा काळा असतो.' बावीस पेन्सिली वर राहिल्या. कुणी लिहीना. अजीजा उठली, झाडाखालून बाहेर उन्हात गेली, डोळ्यांवर हात धरून सावित्रम्मांच्या छपराकडे बराच वेळ बघत राहिली आणि परत आली.

"व्हय मास्तर," ती म्हणाली. "पर मानेवर राखाडी हाय."

मग सगळ्यांनी तसं लिहिलं.